कॅनडाच्या थंडीत रोज कामावर जायला कमी खर्चाची गाडी: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

पुणे, नाशिक, नागपूरहून नव्याने इथे आलेली मंडळी पहिल्या ऑक्टोबरपासून हेच प्रश्न पाठवायला लागतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. मी टोरांटोच्या पश्चिमेला राहतो आणि रोज साठेक किलोमीटर गाडी चालवतो. त्यामुळे मुख्य भर दक्षिण ओंटारिओवर आहे. आल्बर्टा, मॅनिटोबाकडे चित्र बदलतं तिथे तसं लिहिलं आहे.

१. थंडीसाठी गाडी निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं?

आधी टायरचे पैसे बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत गाडी शोधा. बहुतेक जण उलट करतात. सगळे पैसे गाडीत घालतात आणि टायर "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात. चांगले विंटर टायर घातलेली दहा वर्षं जुनी कोरोला बर्फावर वेळेत थांबते. गुळगुळीत टायरांची नवीकोरी एसयूव्ही थांबत नाही. त्यानंतर क्रमाने गंज, बॅटरी, विमा आणि ॲव्हरेज बघा. रंग, सनरूफ, मोठा स्क्रीन हे सगळं त्याच्या नंतर.

२. ऑल-व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद चारही चाकांना) नसेल तर बर्फात गाडी अडकते म्हणतात. खरं का?

शहरात, जिथे रस्ते रात्रीतून साफ होतात, तिथे फ्रंट-व्हील ड्राइव्ह पुरते. इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर असतं आणि तीच चाकं गाडी ओढतात, म्हणून पकड बरी मिळते.

ऑल-व्हील ड्राइव्हने गाडी जागेवरून सुटायला आणि चढ चढायला मदत होते. पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. थांबताना आणि वळताना गाडीला धरून ठेवतो तो टायर. सिग्नलवरून झपकन सुटणारी ऑल-व्हील गाडी पुढच्या सिग्नलला इतरांइतकीच घसरते, आणि ती सहज सुटल्यामुळे चालवणाऱ्याला रस्ता वाटतो त्यापेक्षा चांगला वाटतो. खंदकात गेलेल्या गाड्यांत मला दर हिवाळ्यात एसयूव्ही दिसतात, त्या याच गैरसमजातून.

ऑल-व्हीलचे सुटे भाग जास्त, वजन जास्त, पेट्रोलही थोडं जास्त. ती खरंच लागते अशी माणसं आहेत, ती प्रश्न १६ मध्ये.

३. गाडीला ऑल-सीझन टायर आहेतच. मग विंटर टायर कशाला?

नावावर जाऊ नका. ऑल-सीझन टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. बर्फ पडलेला असो वा नसो, कोरड्या रस्त्यावरही पकड कमी होते. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात.

उणे बारा अंशातल्या एका सकाळी मी गॅरेजबाहेर दोन्ही टायर शेजारी शेजारी ठेवून हातमोजा काढून नखाने दाबून पाहिले. ऑल-सीझनवर नख नुसतं सरकलं, प्लास्टिकच्या बादलीवर सरकावं तसं. विंटर टायरमध्ये ते रुतलं, खोडरबरात रुततं तसं. त्या दिवसापासून मला कोणाला समजावून सांगायला वेगळा पुरावा लागलेला नाही.

टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. ते असेल तर टायर बर्फातल्या चाचणीत उतरलेला आहे. नुसतं 'एम अँड एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फ) लिहिलेलं पुरेसं समजू नका.

४. ऑल-वेदर टायर म्हणजे ऑल-सीझनच ना?

नाही. दुकानातही लोक इथेच फसतात. ऑल-वेदर टायरवर तो डोंगर-हिमकण असतो आणि तो वर्षभर ठेवता येतो. कोंडोत (इमारतीतल्या फ्लॅटमध्ये) राहता, चार जादा टायर ठेवायला जागा नाही आणि गाडी शहराबाहेर क्वचितच जाते, तर हा मधला मार्ग चांगला आहे. उघड्या हायवेवर रोज पहाटे जाणाऱ्याने मात्र खरे विंटर टायरच घ्यावेत.

५. पैसे कमी आहेत. पुढे दोनच विंटर टायर बसवले तर?

कृपया बसवू नका. पुढची चाकं धरतील आणि मागची सुटतील. वळणावर गाडीची शेपटी पुढे येईल आणि गाडी गरकन फिरेल. चार एकसारखे, नाहीतर एकही नाही. चार परवडत नसतील तर कमी वापरलेला सेकंडहँड सेट शोधा, पण टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. 'चार दोन एक नऊ' म्हणजे २०१९चा ४२वा आठवडा. फार जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो.

६. टायरांचा एकूण खर्च किती धरू?

लहान गाडीला लोखंडी रिमसकट चार टायर साधारण हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास धरा. रिम वेगळ्या घ्याच. दर ऑक्टोबर-एप्रिलला टायर रिममधून काढून घालण्यापेक्षा अख्खं चाक बदलणं स्वस्त पडतं, आणि जॅक वापरता येत असेल तर घरीही होतं.

टायरचा आकार जितका मोठा, तितका सेट महाग. एकाच मॉडेलच्या साध्या आवृत्तीला १५ किंवा १६ इंची चाकं असतात आणि वरच्या आवृत्तीला १८ इंची. शोरूममध्ये मोठी चाकं देखणी दिसतात, पण पुढे दर सेटमागे दोन-तीनशे डॉलरचा फरक तुमच्याच खिशातून जातो. कामावर जायच्या गाडीला लहान चाक घ्या. खड्ड्यातही ते जास्त सोसतं.

एक दिलासा असा, की विंटर टायर चालतात तेव्हा उन्हाळ्याचे झिजत नाहीत. त्यामुळे हा सगळा वाढीव खर्च नाही.

७. इथे ॲव्हरेज कसं वाचायचं? "सात लिटर" म्हणजे किती?

इथे १०० किलोमीटरला किती लिटर लागतात ते सांगतात, म्हणजे आकडा लहान तितका चांगला. आपल्या सवयीचं ॲव्हरेज काढायला १०० ला त्या आकड्याने भागा. ५ लिटर म्हणजे लिटरला २० किमी, ७ म्हणजे सुमारे १४, साडेआठ म्हणजे पावणेबारा.

वर्षाला २०,००० किमी आणि लिटरला दीड डॉलर धरला, तर ७ लिटरवाली गाडी १,४०० लिटर पिते आणि साडेआठवाली एसयूव्ही १,७००. फरक ४५० डॉलरचा, दर वर्षी.

८. नावं सांगा. कोणत्या गाड्या बघू?

टोयोटा कोरोला, होंडा सिव्हिक, माझदा ३, ह्युंदाई इलान्ट्रा या पेट्रोल सेडान-हॅचबॅक नेहमीच्या. सुटे भाग कुठेही मिळतात आणि कोणताही मेकॅनिक हात लावतो. बजेट फारच कमी असेल तर होंडा फिट आणि टोयोटा यारिस जुन्या बाजारात शोधा. कॅनडात नव्या मिळणं बंद झालं, पण चांगल्या सांभाळलेल्या अजून दिसतात. फिटची मागची सीट दुमडली की चारही टायर आत मावतात.

पेट्रोल आणखी वाचवायचं असेल तर कोरोला हायब्रिड किंवा प्रियस, शंभराला पाच लिटरच्या आत. ऑल-व्हील हवीच असेल तर सुबारू इम्प्रेझा आणि क्रॉसट्रेक. प्रियस आणि कोरोला हायब्रिडच्या अलीकडच्या मॉडेलांतही ती मिळते. यातली निवड शेवटी समोर उभ्या असलेल्या गाडीच्या अवस्थेवर करा. सांभाळलेली इलान्ट्रा गंजलेल्या कोरोलापेक्षा कधीही चांगली.

९. कागदावर लिहिलेलं ॲव्हरेज थंडीत का मिळत नाही? गाडीत बिघाड आहे का?

बिघाड नाही. थंड इंजिन तापेपर्यंत जास्त पेट्रोल घेतं, ऑइल घट्ट होतं, थंड हवा दाट असल्यामुळे विरोध वाढतो, आणि डीफॉगर, सीट हीटर यांचा भार येतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा असा, की शहरात चालवताना २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांना साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज सुमारे १५ टक्के घटतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत.

म्हणजे दूध आणायला एकदा, मुलांना सोडायला एकदा आणि जिमला एकदा असं तीनदा गार इंजिन चालू करणं महागात पडतं. कामं एका फेरीत बसवा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलंय तेच ऑइल वापरा. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना शून्य-डब्ल्यू-वीस (0W-20) लागतं, ते थंडीतही पातळ राहतं.

१०. मग हायब्रिड घेऊन थंडीत काही फायदा उरतो का?

उरतो, पण उन्हाळ्याइतका नाही. वरच्याच आकडेवारीत हायब्रिडची घट ३० ते ३४ टक्के दिली आहे. कारण केबिन गरम ठेवायला पेट्रोल इंजिन चालूच ठेवावं लागतं. तरी मुळात आकडा इतका चांगला असतो, की घटूनही ती साध्या गाडीच्या पुढे राहते. वर्षाला पंधरा-वीस हजार किमी होत असतील तर जादा किंमत वसूल होते. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस असेल तर साधी पेट्रोल घ्या.

११. इलेक्ट्रिक गाडी उणे वीसमध्ये चालते का?

चालते, आणि पेट्रोल गाडीपेक्षा खात्रीने चालू होते. प्रश्न रेंजचा आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच गाड्या तपासल्या, तेव्हा उणे ७ अंशांत हीटर चालू ठेवल्यावर रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून केबिन गरम करणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत ही घट कमी असते, म्हणून घेताना तो आहे का हे विचारा.

माझ्या मते निर्णय एकाच गोष्टीवर करा: रात्री घरी प्लग आहे का? असेल तर साठ-सत्तर किलोमीटरचा रोजचा प्रवास आरामात होतो आणि निघण्याआधी प्लगवरच केबिन गरम करता येतं. बेसमेंटमध्ये भाड्याने राहताय आणि गाडी घरमालकाच्या ड्राइव्हवेच्या टोकाला उभी राहते, तर आत्ता थांबा. दर दोन दिवसांनी गारठ्यात चार्जर शोधत फिरायची वेळ येऊ नये.

१२. सेकंडहँड गाडीत थंडीच्या दृष्टीने काय तपासायचं?

गंज. भारतात आपण किलोमीटर आणि अपघात बघतो, इथे गाडीच्या पोटाखाली बघायचं. रस्त्यावर टाकलेलं मीठ पाच महिने गाडी खातं. दरवाजाखालची पट्टी, मागच्या चाकाची कमान, ब्रेकच्या नळ्या आणि सस्पेन्शनचे जोड बघा. रंगाखाली फुगवटा दिसला तर आतला पत्रा गेलेला समजा. पोटाखाली नुकताच फासलेला जाड काळा थर दिसला तरी सावध व्हा, त्याखाली काय आहे ते दिसत नाही.

माझी पहिली गाडी मी रात्री, बर्फ पडत असताना पाहिली आणि हो म्हणालो. चौथ्या महिन्यात ब्रेकची नळी गंजून फुटली. नशिबाने पार्किंगमध्ये. तेव्हापासून सांगतो, दिवसा, कोरड्यात आणि गाडी लिफ्टवर चढवूनच बघा. विकणाऱ्याचा संबंध नसलेल्या मेकॅनिकला दीड-दोनशे डॉलर द्या. तो नको म्हणाला तर ते पैसे वाचलेलेच आहेत.

घेतल्यावर दर शरद ऋतूत तेलाची गंजरोधक फवारणी करून घ्या. आल्बर्टात मीठ कमी आणि खडी जास्त, त्यामुळे तिथे गंज कमी पण पुढची काच तडकलेली सापडते.

१३. सेफ्टी सर्टिफिकेट आहे म्हणजे गाडी चांगली ना?

त्या दिवशी गाडी किमान नियमांत बसली, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या महिन्याची हमी त्यात नाही. खाजगी विक्रेत्याकडून घेताना ओंटारिओत 'युज्ड व्हेइकल इन्फर्मेशन पॅकेज' त्याने द्यायचं असतं, ते मागाच. त्यात जुने मालक आणि गाडीवरचं कर्ज दिसतं. १३ टक्के कर तुम्ही दिलेल्या किमतीवर किंवा ठरावीक घाऊक किमतीवर, यातली जी जास्त तिच्यावर लागतो. डीलरकडून घेतल्यावर मन बदललं म्हणून गाडी परत देण्याचा हक्क ओंटारिओत नाही. सही करण्याआधीच काय तो विचार करा.

१४. विम्यावर गाडीच्या निवडीचा किती परिणाम होतो?

नव्या माणसाला विमा कधी कधी गाडीच्या हप्त्यापेक्षा मोठा लागतो. गाडी ठरवण्याआधी दोन-तीन मॉडेलांचे दर काढा. पिन कोडनेही दर बदलतो, आणि ब्रॅम्प्टन ओंटारिओतल्या महागड्या भागांत मोडतं. चोरांच्या आवडत्या गाड्यांचा विमा चढा असतो. होंडा सीआर-व्हीचं नाव त्या यादीत बराच काळ वर राहिलं आहे. साधी सेडान इथेही स्वस्त पडते.

२०१६ पासून ओंटारिओत विंटर टायर लावणाऱ्याला विमा कंपनीला सूट द्यावीच लागते. पण आपोआप मिळेलच असं नाही, पावती ठेवून फोन करा. भारतातल्या परवान्याचा अनुभव मोजला जावा यासाठी आरटीओचं पत्र येतानाच आणलेलं बरं. नंतर काका-मामांना आरटीओच्या खेपा घालाव्या लागतात.

१५. एडमंटनला गाडी पाहिली. पुढच्या जाळीतून प्लग लोंबतोय. वायर तुटली आहे का?

तुटलेली नाही, तो ब्लॉक हीटर आहे, आणि तिकडे हवाच. रात्री उणे तीसमध्ये उभ्या गाडीचं इंजिन तो विजेवर कोमट ठेवतो. एडमंटन, सॅस्काटून, विनिपेगच्या पार्किंगमध्ये त्यासाठी प्लगचे खांबच असतात. साधारण उणे १५च्या खाली वापरा. रात्रभर चालू ठेवायची गरज नाही, निघण्याआधी दोनेक तास पुरतात, म्हणून टायमर लावा. आणि वायर काढल्याशिवाय निघू नका.

दक्षिण ओंटारिओत तो नसला तरी चालतं. चांगली बॅटरी मात्र दोन्हीकडे हवी. शून्य अंशाला बॅटरीची सुमारे ३५ टक्के ताकद जाते आणि उणे १८ला ६० टक्के. बॅटरी चार-पाच वर्षांची असेल तर ऑक्टोबरमध्येच तपासून घ्या. बदलताना 'कोल्ड क्रँकिंग अँप्स'चा (थंडीत इंजिन चालू करायच्या ताकदीचा) आकडा पुस्तिकेत दिलाय त्यापेक्षा कमी घेऊ नका.

१६. मग ऑल-व्हील ड्राइव्ह खरंच कोणी घ्यावी?

पहाटे चारला शिफ्टला निघणाऱ्या नर्सने, रस्त्यावरचा बर्फ काढणारा नांगर येऊन जायच्या आत जिला रस्त्यावर यावंच लागतं. चढाचा, लांब, स्वतःच साफ करावा लागणारा ड्राइव्हवे असलेल्याने. ह्युरॉन सरोवराच्या किंवा जॉर्जियन बेच्या काठच्या पट्ट्यात राहणाऱ्याने, जिथे सरोवरावरून येणारे ढग काही तासांत गुडघाभर बर्फ ओततात. तिथे जमिनीपासूनची उंचीही लागते. साध्या सेडानची १३-१४ सेंटिमीटर, क्रॉसट्रेकची २२. पण विंटर टायर यांनाही लागतात, प्रश्न २ आणि ३ पुन्हा वाचा.

१७. सकाळी गाडी किती वेळ उभी ठेवून गरम करायची?

आजच्या इंजिनाला अर्धा-एक मिनिट पुरतं, मग पहिली पाच-सात मिनिटं हळू चालवा. चालताना ती लवकर तापते. तो वेळ बर्फ झाडण्यात घाला: सगळ्या काचा, दिवे आणि टपसुद्धा. टपावरचा ढीग ब्रेक मारताच पुढच्या काचेवर येतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका. उभ्या गाडीचा सायलेन्सर बर्फात गाडला गेला असेल तर आधी तो मोकळा करा, नाहीतर विषारी वायू आत शिरतो.

पहिल्या थंडीत टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला तर घाबरू नका. तापमान साडेपाच अंश उतरलं की हवा सुमारे एक पीएसआय कमी होते. हवा भरा, महिन्यातून एकदा तपासा.

१८. ओंटारिओची गाडी घेऊन मॉन्ट्रियल किंवा व्हँकुव्हरकडे गेलो तर?

क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. सक्ती तिथे नोंदलेल्या गाड्यांना आहे, पण तिथे राहायला गेलात की तुम्हालाही लागू. ब्रिटिश कोलंबियात बहुतेक डोंगराळ महामार्गांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, आणि तिथे बाहेरच्या गाड्यांनाही सूट नाही. ओंटारिओत सक्ती नाही. म्हणून न लावणारे बरेच आहेत, आणि तुमच्या मागच्या गाडीला ते असतीलच असं समजू नका.

१९. डिसेंबरात पाच आठवडे भारतात चाललोय. गाडीचं काय करू?

टाकी भरून ठेवा. बॅटरी मेंटेनर (बॅटरी हळूहळू चार्ज ठेवणारं यंत्र) लावायला प्लग असेल तर लावा, नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. हँडब्रेक ओढू नका, ओल धरून तो गोठतो. सपाट जागी 'पी'वर ठेवा. गाडी रस्त्यावर सोडू नका. अनेक शहरांत रात्री रस्त्यावर पार्किंगला बंदी असते, आणि नांगराला अडथळा झाला तर गाडी उचलून नेतात. किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्या.

विमा रद्द करू नका, त्याने इतिहासात खंड पडतो. गाडी उभीच राहणार असेल तर चोरी-नुकसानीचं कव्हर ठेवून रस्त्यावरचं कव्हर तेवढ्यापुरतं थांबवता येतं का, हे कंपनीला विचारा. कर्जाची किंवा लीजची गाडी असेल तर बहुधा परवानगी मिळत नाही.

परतल्यावर पहिल्या काही ब्रेकना खर्रर आवाज येईल, तो डिस्कवर चढलेला गंज आहे, दोन-चार सिग्नलांत निघून जातो. पण वीस तासांचा प्रवास करून आलात, तर त्या रात्री विमानतळावरून टॅक्सीनेच घरी या. गाडी दुसऱ्या दिवशी, उजेडात बाहेर काढा.